भरल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

ग्रॅमकाका हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. गेली तीस वर्षं ते दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासतात, बिघडलेले दुरुस्त करून देतात, आणि प्रत्येक दुकानात निदान एकदा तरी "एक ग्रॅम म्हणजे एक ग्रॅम" असं म्हणतात. कुणा वात्रट दुकानदाराने त्यावरून हे नाव चिकटवलं आणि ते इतकं पक्कं बसलं की आता पावतीवरचं खरं नाव वाचून लोक विचारतात, हे कोण?

माणूस तसा सरळ, पण मोजण्याच्या बाबतीत महा चिकट. घरात नवी उशी आली तरी आधी काट्यावर जायची आणि मग पलंगावर. काकूंनी लग्नानंतर पहिल्या वर्षीच या सवयीपुढे हात टेकले होते.

काट्यांच्या धंद्यात गाडीला पर्याय नाही. गोदामातला मोठा जमिनीवरचा काटा तपासायचा तर त्यावर खरोखरचं वजन ठेवावं लागतं. त्यासाठी काकांच्या गाडीत वीस वीस किलोची लोखंडी वजनं असतात, मोजून पंचवीस. म्हणजे पाचशे किलो लोखंड कायम पाठीशी. शिवाय सोनाराच्या काट्यासाठी पितळी वजनांची छोटी पेटी, आत मखमल आणि एक चिमटा. त्या वजनांना बोट लावायचं नाही, घाम लागला की वजन बदलतं. आणि पेटीच्या झाकणाच्या खिशात लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

ही लाल चिठ्ठी म्हणजे काकांचा दरारा. काटा नापास झाला की त्याला ती दोऱ्याने बांधायची. तिच्यावर चार ओळी: दोष, तारीख, तपासणाऱ्याची सही, पुन्हा कधी तपासायचं. चिठ्ठी सुटेपर्यंत त्या काट्यावर काही तोलायचं नाही. कोपऱ्यावरचा किराणावाला काकांचा वीस वर्षांचा मित्र, रोजचा चहा त्याच्याकडे. त्याच्या काट्यात एकदा पाच ग्रॅमचा फरक निघाला. तो गयावया करू लागला.

"काका, हा एक आठवडा सोडा. महिन्याची सुरुवात आहे, गिऱ्हाइकांची रांग लागते माझ्याकडे."

काका दोऱ्याची गाठ मारत म्हणाले, "आज तुला सोडलं तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने बांधू?"

गाठ मारून झाल्यावर मात्र ते गाडीत गेले, स्वतःचा जादा काटा काढून आणला आणि त्याच्या गल्ल्याशेजारी ठेवला. किराणावाला दोन दिवस फुगून बसला आणि तिसऱ्या दिवशी त्याने चहा पाठवला.

तर अशा माणसाची गाडी म्हातारी झाली. एकोणीस वर्षांची गाडी, खालचा पत्रा गंजलेला, दार लावायला दोन धक्के. त्याबद्दल काकांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार सुरू झाली ती दोन वर्षांपूर्वी. एक टाकी डिझेल पूर्वी दोन आठवडे पुरायचं, ते आता नऊ दिवसांत संपायचं. "गाडी प्यायला लागली," काका म्हणायचे. वर आणखी एक रडगाणं होतं, रिव्हर्स गिअर अडकतो. "पडतच नाही गं. जोर लावला तर तुटेल." लेक म्हणायची, मेकॅनिकला दाखवा. काका म्हणायचे, या वयाच्या गाडीवर खर्च करायचा म्हणजे गंजलेल्या काट्याला रंग लावायचा.

लेक सहा वर्षांपासून त्यांच्याबरोबर धंद्यात होती. इलेक्ट्रॉनिक काटे सगळे तिच्याकडे, फोन तिच्याकडे, कुणाकडे कधी जायचं ते ठरवणंही तिच्याकडे. फेरी मात्र काकांची. गाडी घेऊन सात-आठ ठिकाणी जायचं, वजनं उतरवायची, काटा तपासायचा, चहा घ्यायचा, जगाची उठाठेव करायची आणि पुढे निघायचं. या फेरीत काका जीव ओतायचे. सुट्टीच्या दिवशी ते घरात असे फिरायचे की काकू त्यांना काहीतरी आणायला बाहेर पिटाळायच्या.

शेवटी ठरलं, नवी गाडी घ्यायची, आणि अ‍ॅव्हरेज बघूनच घ्यायची.

शोरूममधला विक्रेता तरुण, गोड बोलणारा होता. पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तो म्हणाला, "काका, ही लिटरला बावीस देते. डोळे झाकून घ्या."

"किती वजन घालून?"

"म्हणजे?"

"बावीस किलोमीटर जाताना गाडीत काय होतं?"

"तसं काही नाही. फक्त ड्रायव्हर."

"किती किलोचा ड्रायव्हर?"

विक्रेत्याने लेकीकडे बघितलं. लेक छताकडे बघत होती. वडिलांबरोबर बाहेर जाण्याचा तिला सराव होता.

"माझ्या गाडीत पाचशे किलो लोखंड असतं," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "रिकाम्या गाडीचं अ‍ॅव्हरेज मला सांगणं म्हणजे रिकाम्या काट्यावर शून्य दाखवणं. शून्य सगळेच काटे बरोबर दाखवतात."

बाजूला एक राखाडी गाडी होती. तिचा पत्रा जाड आणि आतली जागा मोठी. विक्रेता म्हणाला, ही एकोणीस देते, पण दणकट आहे. काकांनी अट घातली: दोन्ही गाड्या एक एक दिवस द्या, आम्ही आमचं लोखंड भरून आमच्या फेरीवर नेणार, मग काय ते सांगू. विक्रेता आत साहेबांना विचारायला गेला. काचेच्या पलीकडे साहेबाचं डोकं दोनदा आडवं आणि मग एकदा उभं हललं.

चाचणीचे नियम काकांनी कागदावर लिहिले. पंप एकच, पंपावरची नळीही तीच. सकाळी टाकी काठोकाठ भरायची, दिवसभर तीच सात दुकानं करायची, परत येऊन पुन्हा काठोकाठ भरायची, जेवढं बसेल तेवढं जळलं. सात दुकानं म्हणजे सिमेंटचं गोदाम, धान्याचं गोदाम, भंगारवाला, सोनार, बेकरी, कुरिअरचं ऑफिस आणि किराणावाला. वजनं तीच, पंचवीस. ड्रायव्हरही तोच ठेवायचा होता. पण दुसऱ्या दिवशी नेमकी काकांच्या पितळी वजनांच्या वार्षिक तपासणीची तारीख निघाली. ज्या वजनांनी आपण लोकांचे काटे तपासतो, ती वजनंही वर्षातून एकदा दुसऱ्याकडून तपासून घ्यावी लागतात, स्वतःची स्वतः तपासलेली चालत नाहीत. ती तारीख चुकवणं काकांच्या स्वप्नातही शक्य नव्हतं. सोनाराचा काटा आदल्याच दिवशी तपासून झाला होता, त्यामुळे पेटी फेरीत लागणार नव्हती, पण फेरी सारखी राहावी म्हणून लेकीने सोनाराच्या दारापर्यंत गाडी न्यायची असं ठरलं.

पहिल्या दिवशी काका पांढरी गाडी घेऊन गेले आणि संध्याकाळी शीळ घालत परत आले. दुसऱ्या दिवशी लेक राखाडी गाडी घेऊन गेली आणि काकांच्या आधी घरी पोचून आईला भाजी निवडून देऊ लागली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर निकाल लागला. काकांनी चष्मा चढवला.

"पांढरी, तीन लिटर, एक्कावन्न किलोमीटर. लिटरला सतरा. तुझी सांग."

"दोन लिटर दोनशे मिली. तेहतीस किलोमीटर."

काकांनी भागाकार केला. "म्हणजे लिटरला पंधरा. झालं की मग. पांढरी जिंकली."

लेकीने त्यांच्यापुढचा कागद स्वतःकडे ओढला आणि दोन आकड्यांखाली बोट धरलं.

"बाबा, दुकानं तीच सात ना?"

"तीच."

"मग तुमचे एक्कावन्न कसे झाले?"

"तुझ्या गाडीचा मीटर कमी दाखवत असेल."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि काकांचं काकांनाच कसंतरी झालं. तीस वर्षं दुकानदार त्यांच्यापुढे हेच म्हणत आले होते, माल बरोबर आहे, तुमचा काटाच चुकतोय. लेकीने मोबाइलवर नकाशा उघडून सात दुकानांचा रस्ता मोजला. तेहतीस भरले.

"वाटेत गर्दी होती," काका म्हणाले. "मी बाहेरून गेलो."

"अठरा किलोमीटर बाहेरून?"

काकूंनी ताटं आणली म्हणून विषय तिथे थांबला. काका खाली मान घालून जेवले. म्हणजे त्यांना तेवढीच मान घालता येत होती, हे त्या घडीला फक्त त्यांना माहीत होतं.

लेकीचं डोकं मात्र वडिलांवर गेलेलं. एक आकडा जुळला नाही की तिला चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुन्या गाडीची वही काढली. काका प्रत्येक वेळी टाकी भरताना लिटर आणि किलोमीटर लिहायचे, त्यात एक दिवस खाडा नाही. फक्त शेवटचा रकाना, अ‍ॅव्हरेजचा, दोन वर्षांपासून कोरा होता. आधीच्या सतरा वर्षांत तो एकदाही कोरा सुटलेला नव्हता. लेकीने बसून सगळे भागाकार केले. अकरा. अकरा. अकराला थोडं कमी. पुन्हा अकरा. दोन वर्षांपूर्वीही अकरा आणि मागच्या आठवड्यातही अकरा. गाडी एक थेंबसुद्धा जास्त प्यायलेली नव्हती. बदलले होते ते किलोमीटर. पूर्वी आठवड्याला एकशे नव्वद व्हायचे, आता दोनशे नव्वद होत होते, आणि गिऱ्हाइकं तर होती तेवढीच होती.

ती वही मिटून खाली गेली. जुनी गाडी अंगणात वळसा घालून, भिंतीकडे पाठ करून उभी केलेली होती. लेक आत बसली, गाडी थोडी पुढे घेतली आणि रिव्हर्स टाकला. गिअर लोण्यासारखा पडला. तिने पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. चार वेळा. चारही वेळा कुठे करकर नाही की अडकणं नाही.

इंजिनचा आवाज ऐकून काका दारात आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. गाडी मागे जाताना त्यांना दिसली, आणि आपलं बिंग फुटलं हे त्यांना कळलं.

खिडकीतून डोकं काढून लेक म्हणाली, "बाबा, जरा गाडीच्या मागे बघून सांगा. भिंत किती लांब आहे?"

काका तिच्याकडे तोंड करून उभे होते. मागची भिंत बघायला डोकं थोडं वळवलं असतं तरी पुरलं असतं. पण काका पायांपासून वळले. आधी एक पाऊल, मग दुसरं, मग खांदे, आणि खांद्यांबरोबर डोकं. कपाट सरकवल्यासारखा सगळा माणूस वळला. लेकीने गाडी बंद केली. वडील असे वळतात हे तिने दोन वर्षं पाहिलं होतं, जेवताना, टीव्ही बघताना, कुणी हाक मारली तर. तिला वाटायचं, वय झाल्यावर माणसाला रुबाब येतो. तिला स्वतःचा राग आला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

काका पायरीवर बसले. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. दोन वर्षांपूर्वी धान्याच्या गोदामात विसावं वजन उचलताना मानेत कट्कन झालं. आठवडाभर दुखलं, मग दुखायचं थांबलं, पण मान वळायचीही थांबली. त्यानंतर एकदा भंगारवाल्याच्या गल्लीतून गाडी मागे घेत होते. गल्ली बंद आहे, आत गेलेली गाडी मागेच घ्यावी लागते. त्यांनी आरशात बघितलं, आरशात काही नव्हतं. मग कुणीतरी मागच्या पत्र्यावर जोराने थाप मारली. उतरून पाहिलं तर एक बाई, हातात पिशव्या, गाडीच्या मागच्या बाजूपासून वीतभर अंतरावर. तिला काही लागलं नव्हतं. ती शिव्याही न घालता निघून गेली. काका मात्र कितीतरी वेळ गाडीत नुसते बसून राहिले.

"त्या दिवसापासून रिव्हर्स टाकला नाही मी," ते म्हणाले. "भंगारवाल्याकडे मागच्या मोठ्या रस्त्याने येतो, तिकडून त्याच्या आवाराचं दार उघडतं. सोनाराकडे पुढच्या चौकातून वळसा घालून. जिथे मागे वळून बघावं लागतं त्या वाटेने जातच नाही. दोन वर्षांत कुणाला साधा ओरखडा नाही."

"आणि आम्हाला सांगितलं गाडीचा गिअर अडकतो."

"तुला सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस."

"हो," लेक म्हणाली.

काकांना खरंतर दुसऱ्या उत्तराची आशा होती. घरात बसायची त्यांना भीती वाटत होती, अगदी लहान मुलाला अंधाराची वाटते तशी, आणि ते लेकीला कसं सांगायचं हे त्यांना सुचत नव्हतं. काकू मागे येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मान धरलीय हे मला ठाऊक होतं. तीन उशा बदलल्या मी. पण हे असले उद्योग चाललेत हे नव्हतं माहीत."

त्याच दिवशी दुपारी मायलेकी काकांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरने फोटो काढला, मणके झिजलेत म्हणाला, रोजचे व्यायाम दिले, वजन उचलणं बंद केलं. गाडीचं विचारल्यावर म्हणाला, तीन महिने नको, मग बघू किती वळते ते. घरी आल्यावर काकांनी डॉक्टरच्या बोलण्यातला "मग बघू" तेवढा लक्षात ठेवला आणि "नको" विसरून गेले.

"या आठवड्यात फेरी मी करतो," ते टेबलापाशी बसून म्हणाले. "जुन्या गाडीचा शेवटचा आठवडा आहे. नवी आली की तू चालव. सगळ्यांना एकदा भेटून घेतो. माझा रस्ता मला माहीत आहे, रिव्हर्सची गरजच पडत नाही."

लेक उठली, पितळी वजनांची पेटी घेऊन आली आणि झाकणाच्या खिशातून एक लाल चिठ्ठी काढली. या चिठ्ठ्यांवर आजवर फक्त काकांची सही झाली होती. लेकीने पेन घेतलं. दोष या शब्दापुढे लिहिलं, मान. खाली तारीख घातली.

काका हळू आवाजात म्हणाले, "अगं, एक आठवडा सोड ना."

लेकीचे डोळे भरून आले, पण पेन थांबलं नाही. "आज तुम्हाला सोडलं," ती म्हणाली, "तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने बांधू?"

सही करून तिने चौथ्या ओळीत तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली. मग भिंतीवरच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली काढली आणि तिला चिठ्ठी बांधू लागली. दोरा दोनदा सुटला. तिसऱ्यांदा गाठ बसली, पण ओढली की निघेल अशी.

काकांना ते बघवेना. काम वाईट झालेलं त्यांना कधीच बघवत नसे. "आण इकडे," ते म्हणाले. "अशी नाही. आधी दोरा दुहेरी घ्यायचा, मग आतून काढायचा. ही गाठ कापल्याशिवाय सुटत नाही." आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी ती चिठ्ठी स्वतःच्या किल्लीला पक्की बांधली. मग ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. काकूंनी त्यांना हाक मारली नाही.

गाडी पांढरीच घेतली. भावनेच्या भरात राखाडी घ्यायचा प्रश्नच नव्हता. लेकीने पांढरी तिच्या तेहतीस किलोमीटरच्या रस्त्याने पुन्हा नेली तेव्हा दोन लिटरलासुद्धा थोडं कमी लागलं. म्हणजे काकांची गाडी बरोबर होती आणि लेकीचा रस्ता बरोबर होता. विक्रेत्याने पेढे द्यावेत तसा हसत बावीसचा आकडा पुन्हा सांगितला. काका म्हणाले, "सतरा. लिहून घे. पुढचा भरलेल्या गाडीचं विचारेल तेव्हा तुझ्याकडे उत्तर असेल."

नव्या गाडीच्या पहिल्या फेरीला काका शेजारच्या सीटवर बसले. लेकीने निघायच्या आधी वहीत भाराच्या रकान्यात पाचशे लिहिलं. काकांनी ते वाचलं.

"अडुसष्ट किलो राहिले," ते म्हणाले. "माझे."

लेकीने पाचशे खोडून पाचशे अडुसष्ट लिहिलं आणि डोकं वळवून, मागे बघत, गाडी अंगणातून बाहेर काढली.

शेवटचं दुकान किराणावाल्याचं. गाडी थांबली आणि काका भलत्याच बाजूने उतरलेले बघून तो गल्ल्यावरून उठून पायरीवर आला.

"काय काका, ड्रायव्हर ठेवला की काय?"

"नाही रे. मला लाल चिठ्ठी लागलीय. तीन महिने."

किराणावाला हसू लागला, मग काकांचा चेहरा बघून थांबला. लेक गाडीच्या मागे ट्रॉलीवर वजनं उतरवत होती. त्याने आवाज खाली आणला.

"कुणी लावली?"

काकांनी मागे वळून बघितलं नाही. नुसता अंगठा खांद्यावरून मागे नेला.

"मग एक आठवडा तरी सोड म्हणायचं होतं तिला," किराणावाला म्हणाला.

"म्हटलं होतं," काका म्हणाले आणि चहासाठी पायरीवर बसले.